दाखवायचे दात

हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. आजवर हे बोलणे ढोंगी माणसाला उद्देशून होते. आता ते शब्दशः खरे ठरविण्याचा उद्योग शहरोशहरी चालू झाला आहे, आणि त्या उद्योगाचे गिऱ्हाईक म्हणून सुशिक्षित, नोकरदार, दोन पैसे गाठीला असलेला आपलाच वर्ग पुढे होत आहे. म्हणून या विषयावर चार स्पष्ट शब्द लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते. दातांसारखा क्षुल्लक विषय एका वाङ्मयीन मासिकात कशाला, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. त्यांनी लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढीच विनंती.

प्रसंग असा घडला. संक्रांतीनिमित्त मंडळात तिळगुळाचा कार्यक्रम होता. कार्यक्रम संपल्यावर नेहमीप्रमाणे पाचसहा जणांचा कोंडाळा जमला. त्यांत आमचे एक स्नेही होते. केंद्र सरकारच्या सेवेत तीस वर्षे काढलेले, पाच राज्यांचे पाणी प्यालेले आणि फाइलीवर सही करण्यापूर्वी तिचे पहिले पान वाचण्याबद्दल ख्यातनाम असलेले हे गृहस्थ. त्यांच्या कन्येच्या लग्नाचे पाहणे चालू आहे. मुलगी चोवीस वर्षांची, शिकलेली, नोकरी करणारी. दात सगळे निरोगी; फक्त वरचा डावा सुळा किंचित पुढे आलेला आणि दातांचा रंग थोडा पिवळसर. छायाचित्र काढण्यापूर्वी दात जरा साफ करून घ्यावेत म्हणून ती एका दवाखान्यात गेली, आणि परतली ती आठ व्हेनियरांचा प्रस्ताव घेऊन. वरच्या रांगेतल्या समोरच्या आठ दातांवर आठ व्हेनियर. दोन बैठकांत काम. पैसे हप्त्यांनी दिले तरी चालतील.

“तुमचे काय मत?” असे आमच्या स्नेह्यांनी विचारताच कोंडाळ्यातून मतांचा वर्षाव झाला. एक म्हणाले, “अहो, करून टाका! लग्न काय रोज होते?” दुसरे म्हणाले, “दात म्हणजे कपड्यांसारखेच. जुने झाले, नवे घातले.” तिसऱ्यांनी आपल्या पुतणीचा दाखला दिला. दातांवर हे व्हेनियर बसविण्यापूर्वी त्या दातांचे काय करतात, हा प्रश्न मात्र एकानेही विचारला नाही. ज्यांनी उभी हयात प्रस्तावांवर शंका काढण्यात घालविली, त्यांना मुलीच्या दातांच्या प्रस्तावावर एकही शंका सुचू नये, याचे आम्हांस आश्चर्य वाटले आणि खेदही झाला.

व्हेनियर हा शब्द आपल्या घरांत आधी सुताराने आणला. हलक्या फळीवर चांगल्या सागाचा कागदासारखा पातळ पापुद्रा चिकटवितात, त्याला सुतार व्हेनियर म्हणतो. दंतवैद्याने शब्द तोच घेतला; कृती मात्र पुष्कळदा उलटी केली. सुतार हलक्या लाकडावर चांगले लाकूड लावतो. दंतवैद्याकडे निरोगी दात नेला, तर चांगल्या वस्तूचा थर खरवडून त्या जागी तिची नक्कल लावली जाते. हा फरक ज्याला कळला त्याला या लेखातला निम्मा मुद्दा कळला.

दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणाला इनॅमल म्हणतात. मानवी शरीरात याहून कठीण पदार्थ नाही. पण त्याची जाडी किती? पटाशीच्या दाताच्या पुढल्या बाजूस, कडेजवळ, सुमारे एक मिलिमीटर. हिरडीजवळ त्याच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. व्हेनियर बसविताना या थरातून साधारणतः अर्धा मिलिमीटर, कोठे थोडे कमी, कोठे थोडे अधिक, फिरत्या हिऱ्याच्या कानशीने काढला जातो. नाहीतर दात ओठाखाली फुगीर दिसतो. मग दाताचे माप घेऊन चिनी मातीच्या जातीचा पातळ पापुद्रा प्रयोगशाळेत तयार होतो आणि तो दातावर कायमचा चिकटविला जातो. हाड मोडले तर सांधते, कातडी फाटली तर भरून येते, नख उपटले तर पुन्हा उगवते. इनॅमलचे तसे नाही. ते घडविणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येताच नष्ट होतात. लाळेतल्या क्षारांनी त्याची बारीकसारीक झीज थोडीफार भरून निघते. कानशीने काढलेला थर मात्र जन्मात परत येत नाही. जाहिरातीत ‘दोन बैठका’ ठळक अक्षरांत असतात. हे वाक्य आम्हांस कोणत्याही जाहिरातीत आढळलेले नाही.

या कलेचा इतिहासही बोधप्रद आहे. कॅलिफोर्नियातील दंतवैद्य चार्ल्स पिंकस यांनी १९२८ च्या सुमारास हॉलिवूडच्या नटनट्यांसाठी असे पापुद्रे प्रथम तयार केले. ते कवळी बसविण्याच्या चिकट भुकटीने तात्पुरते लावीत. चित्रण संपले की नट ते काढून ठेवी, जसा तो टोप आणि दाढीमिशा काढून ठेवी. ते खरोखरीच दाखवायचे दात होते, आणि त्यांत कोणाचीही फसवणूक नव्हती. १९५५ साली मायकेल ब्यूनोकोर यांनी दाखवून दिले की, फॉस्फरिक आम्लाने इनॅमलचा पृष्ठभाग खरबरीत केला तर त्यावर रेझीन घट्ट धरते. पुढे राफेल बोवेन यांनी दातांस योग्य असे रेझीन सिद्ध केले, आणि १९८० नंतरच्या दोनतीन वर्षांत चिनी मातीच्या पापुद्र्याची आतली बाजूही आम्लाने खरबरीत करून तो दाताशी पक्का जोडण्याची रीत अमेरिकेत प्रसिद्ध झाली. येथून पापुद्रा संध्याकाळी काढून ठेवण्याची सोय संपली. नटाचा वेष अंगाला कायमचा चिकटला.

या शोधांची थोरवी आम्ही नाकारीत नाही. उलट, ती मान्य करणे आम्हांस प्राप्तच आहे; कारण आमच्या स्वतःच्या तोंडात त्याचा पुरावा आहे. वयाच्या अकराव्या वर्षी कृष्णेच्या घाटावर पाय घसरून आमच्या वरच्या पटाशीच्या दाताचा एक तृतीयांश तुकडा उडाला. त्यानंतर तीस वर्षे आम्ही हसताना तोंडापुढे हात धरला. मुलाखतीच्या मंडळापुढे ओठ मिटून उत्तरे दिली. लग्नाच्या छायाचित्रात आम्ही रागावलेले दिसतो, ते त्यामुळेच. एक्केचाळिसाव्या वर्षी एका वृद्ध आणि मितभाषी दंतवैद्यांनी त्या एका दातावर व्हेनियर बसविले. त्या दिवशी घरी येऊन आम्ही आरशासमोर किती वेळ उभे होतो ते सांगण्यात संकोच वाटतो. तेव्हा, “हे सारे नखरे आहेत, देवाने दिले तसे दात ठेवावेत,” असा सोवळा उपदेश करणाऱ्यांच्या पंक्तीला आम्ही बसणार नाही. हा उपदेश करणाऱ्याचे दात बहुधा सरळ असतात.

पण त्याच दंतवैद्यांनी आम्हांस जे सांगितले तेही येथे नोंदविले पाहिजे. ते म्हणाले होते, “हा दात आता तुमच्या घरचा राहिला नाही, हा भाड्याचा आहे. दहापंधरा वर्षांनी भाडेपट्टा नवा करावा लागेल.” तसेच झाले. पहिला पापुद्रा तेरा वर्षे टिकला. झोपेत दात खाण्याच्या आमच्या सवयीने त्याची कड उडाली. जुना काढताना आतला दात आणखी थोडा खर्ची पडला. आता तिसरी खेप कधी येईल याची आम्ही वाट पाहत आहो. तुटलेल्या दाताच्या बदल्यात आम्ही हे भाडे आनंदाने भरतो. ज्या मुलीचा दात तुटलेलाच नाही तिने ते का भरावे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आमचे बहुतेक वाचक अर्थसंकल्पाची भाषा जाणतात. म्हणून त्याच भाषेत बोलू. आवर्ती खर्च आणि अनावर्ती खर्च यांतला भेद आपल्याला कारकुनीच्या पहिल्या वर्षी शिकविला जातो. इमारत एकदा बांधली की संपले, असे समजणाऱ्या अधिकाऱ्याला लेखापरीक्षक विचारतो, “देखभालीचे काय?” व्हेनियर अनावर्ती खर्च म्हणून विकले जाते, वस्तुतः ते आवर्ती आहे. चांगल्या हाताने, चांगल्या इनॅमलवर बसविलेले चिनी मातीचे पापुद्रे दहा वर्षांनंतरही बहुसंख्येने शाबूत असतात, हे निर्विवाद आहे. पण चोवीस वर्षांची मुलगी ईश्वरकृपेने पंच्याहत्तर वर्षे जगणार. दहा ते पंधरा वर्षांचे आयुष्य धरले तर पन्नास वर्षांत तिला हे काम आणखी तीनचार वेळा करून घ्यावे लागेल. आणि एक दात नव्हे, आठ. दर खेपेला खर्च वाढेल आणि दर खेपेला आतला दात थोडा कमी होईल. सौंदर्यासाठी केलेल्या उपचाराचे बिल सरकार देत नाही, हे आपल्याला कोणी सांगावयास नको. म्हणजे निवृत्तिवेतनातून पन्नाशीची मुलगी आणि ऐंशीचा बाप मिळून हप्ते भरणार! हा प्रस्ताव आमच्या स्नेह्यांपुढे कार्यालयात आला असता, तर त्यांनी तो चार शंका काढून परत पाठविला असता.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती बाहेरून दिसत नाही म्हणून अधिक महत्त्वाची आहे. पापुद्र्याची सारी पकड इनॅमलवर असते. इनॅमलखाली डेंटिन नावाचा मऊ, ओलसर, संवेदनशील थर असतो; त्यावर हा जोड तितका भरवशाचा बसत नाही. म्हणजे दात जितका जास्त घासला तितकी पकड ढिली. घाई करणारा, किंवा वाकडे दात केवळ कानशीने सरळ ‘दाखवू’ पाहणारा दंतवैद्य नेमका येथेच चुकतो. पुढे आलेला सुळा रांगेत दिसावा म्हणून तो जास्त कापावा लागतो. मग थंड पाण्याने ठणका, कधी आतल्या नसेवरच संकट, आणि शेवटी व्हेनियरऐवजी पुरी टोपी. २००२ साली एडलहॉफ आणि सोरेन्सन या संशोधकांनी मोजून दाखविले की, व्हेनियरसाठी दाताच्या वरच्या भागाचे ३ ते ३० टक्के द्रव्य जाते. पुऱ्या टोपीसाठी ६३ ते ७२ टक्के. तीन आणि तीस यांत दहापटीचे अंतर आहे. कोणाच्या हाती आपण तोंड देतो यावर ते अंतर ठरते. ब्रिटनमधील तरुण मंडळी स्वस्ताईसाठी तुर्कस्तानात जाऊन पांढरेशुभ्र दात करून येऊ लागली, तेव्हा ‘टर्की टीथ’ असा शब्दप्रयोगच तेथे रूढ झाला. व्हेनियर समजून गेलेल्या कित्येकांच्या दातांचे खुंट करून त्यांवर टोप्या चढविल्या होत्या, हे त्यांना परत आल्यावर कळले. आपल्याकडे हे होणार नाही, असे समजण्यास काही आधार नाही.

आता रंगाविषयी. आमच्या स्नेह्यांच्या कन्येचे दात ‘पिवळसर’ आहेत, ही तक्रार ऐकून आम्हांस हसावे की रडावे ते कळेना. निरोगी दात थोडा पिवळसरच असतो. कारण इनॅमल पारदर्शकप्राय असून आतल्या डेंटिनचा पिवळा रंग त्यातून झिरपतो. वय वाढते तसा तो गडद होतो. कागदासारखा पांढरा दात निसर्गात नाही. तो छापलेल्या चित्रांत आणि दवाखान्याच्या पाटीवर आहे. आपल्याच आज्यापणज्या दातवण लावून दात काळे करीत आणि ते सौभाग्याचे व शोभेचे लक्षण समजले जाई. जपानात उच्चकुलीन स्त्रिया शतकानुशतके दात काळे करीत. १८७० साली सरकारने सरदारवर्गास त्याची मनाई केली, १८७३ साली सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली, आणि ती चाल मागे पडत गेली. दातांचा शोभिवंत रंग कोणता, हे काळ ठरवितो आणि काळच बदलतो. दातवण फॅशनीबरोबर गेले. दात जागेवर राहिले. आजची फॅशन बदलेल तेव्हा आठ पापुद्रे काढून ठेवता येणार नाहीत. आपल्या जुन्या कवींनी सुंदर दातांना डाळिंबाच्या दाण्यांची उपमा दिली. एक डाळिंब फोडून पाहावे. त्यात एकासारखा एक असे दोन दाणे सापडणे कठीण.

येथे एका विसंगतीकडे लक्ष वेधल्यावाचून राहवत नाही. दातांवर साचलेली कीट काढून घ्या, असे दंतवैद्याने सांगितले की आपल्यातला दर दुसरा माणूस म्हणतो, “नको हो, त्याने दात हलतात, दाताचे पाणी जाते.” ही समजूत सर्वस्वी खोटी आहे. कीट काढल्याने इनॅमल जात नाही. उलट हिरड्यांचा रोग आटोक्यात येतो आणि दात टिकतात. तोच माणूस इनॅमल खरोखरीच कानशीने काढून घ्यावयास मात्र हसतमुखाने तयार होतो! जी झीज होत नाही तिची भीती, आणि जी होते तिच्यासाठी हप्ते. या अज्ञानाला काय म्हणावे?

दवाखान्यातून सांगितला जात नाही तो क्रम असा आहे. प्रथम कीट काढावी. पुष्कळांचे काम तेथेच संपते. रंग खटकत असेल तर दंतवैद्याच्या देखरेखीखाली पेरॉक्साइडने दात उजळविता येतात. थोडे दिवस दात शिवशिवतात, पण दात घासावा लागत नाही. दात वाकडा असेल तर तारेने किंवा पारदर्शक साच्याने सरकविता येतो. त्याला दोन बैठका नव्हे, कित्येक महिने लागतात, हे खरे. पण शेवटी तोंडात राहतो तो आपलाच दात. लहानसा टवका उडाला असेल तर रेझीनने तो भरता येतो. ते काम कमी वर्षे टिकते, पण दुरुस्त करता येते. या साऱ्यांनी भागत नसेल, तर व्हेनियर. काही थोड्या दातांवर मुळीच न घासता पापुद्रा बसविता येतो; तेही विचारावे. जो दंतवैद्य शेवटची पायरी पहिली म्हणून दाखवितो, तो वैद्य कमी आणि विक्रेता अधिक. दंतवैद्यक परिषदेच्या २०१४ च्या आचारसंहितेने जाहिरातबाजीवर बंधने घातली आहेत. पण मोबाइलच्या पडद्यावर रोज ‘आधी’ आणि ‘नंतर’ची जी छायाचित्रे फिरतात, त्यांपुढे ती बंधने केविलवाणी दिसतात. ‘नंतर’चे छायाचित्र त्याच दिवशी घेतलेले असते. पंधरा वर्षांनंतरचे छायाचित्र कोणी लावल्याचे आम्ही पाहिलेले नाही.

“दात माझे, पैसे माझे, तुम्ही कोण?” असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. सज्ञान माणसाने सर्व समजून व्हेनियर करून घेतले तर आम्ही त्यास बोट लावणार नाही. पण ‘सर्व समजून’ या दोन शब्दांवरच आमचा कटाक्ष आहे. ज्या संमतिपत्रावर सही घेतली जाते ते बहुधा खुर्चीत बसल्यावर, तोंडात कापूस असताना पुढे येते. न वाचलेल्या कागदावर सही करणे हा आपल्या पेशात अपराध आहे. तो घरी क्षम्य कसा ठरतो?

त्यातही परप्रांती असणाऱ्या आपल्या वर्गाला एक विशेष धोका आहे, आणि त्याचा विचार कोणी केलेला नाही. आपण तीन वर्षांनी गाव बदलतो. व्हेनियर म्हणजे एका दंतवैद्याशी जडलेले दीर्घकाळचे नाते. भोपाळला बसविलेला पापुद्रा गुवाहाटीला सुटला, तर तेथील वैद्याला कसे कळावे की आत दात किती उरला आहे, पापुद्रा कोणत्या द्रव्याचा आहे, रंगाचा क्रमांक कोणता, चिकटविले कशाने? तो अंदाजाने काम करणार. सेवापुस्तकातली एक नोंद चुकली तर आपण दहा पत्रे लिहितो. दातांची नोंद आपल्यापैकी किती जणांजवळ आहे? ज्यांनी हे काम करून घेतले आहे त्यांनी आजच आपल्या वैद्याकडून या चार गोष्टी आणि क्षकिरण चित्रे लिहून-मागून घ्यावीत व बदलीच्या सामानात ती जवळ ठेवावीत.

आणि आता आमच्या मते या विषयातला सर्वांत गंभीर मुद्दा. ज्यांना व्हेनियरची खरी गरज आहे असा एक मोठा समाज या देशात आहे, आणि तो हप्त्यांच्या जाहिरातीत दिसत नाही. पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण अधिक असलेल्या गावांत वाढलेल्या मुलांचे दात मूळचेच डागाळलेले, कधी तपकिरी, कधी खडबडीत आणि ठिसूळ निघतात. कारण इनॅमल घडत असतानाच, वयाच्या पहिल्या आठएक वर्षांत, हा विकार जडतो. भारतात हा रोग १९३७ साली नेल्लोर भागात प्रथम नोंदला गेला. आज आंध्र, तेलंगण, राजस्थान, गुजरात येथील आणि आपल्या यवतमाळ-चंद्रपूरकडील कित्येक गावांना तो परिचित आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड स्वीकारार्ह, आणि दुसरा पाणीपुरवठाच नसेल तर १.५ पर्यंत चालेल, असे भारतीय मानक सांगते. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने १९७० नंतरच्या दशकात तुरटी आणि चुना यांच्या साह्याने फ्लोराइड खाली बसविण्याची साधी रीत सिद्ध केली. तेलंगणातील एका पीडित जिल्ह्यावरून तिला ‘नलगोंडा पद्धती’ असे नाव पडले. म्हणजे रोग ठाऊक आहे, मर्यादा ठाऊक आहे, उपायही आपल्याच संस्थेने शोधलेला आहे. उणीव आहे ती त्या गावच्या विहिरीचा नमुना वेळेवर तपासून त्यावर वेळेवर सही होण्याची. आमचे वाचक ज्या खुर्च्यांवर बसतात त्यांतल्या काही खुर्च्या नेमक्या या सहीच्या आहेत. तेथील मुलगी हसताना पदर तोंडावर धरते, तेव्हा तिला उपदेशही नको आणि पापुद्राही नको. तिच्या धाकट्या भावाला चांगले पाणी हवे. तिच्या दातांना व्हेनियर बसले तर तो खरा उपचार ठरेल. पण तो तिला परवडत नाही. ज्यांना परवडतो त्यांना तो बहुधा लागत नाही. आपल्या दंतवैद्यकाची ही आजची अवस्था आहे.

लेख येथेच थांबवावा असा विचार होता. पण त्या मुलीविषयी लिहिले नाही तर तो अपुरा राहील. तिळगुळाच्या कार्यक्रमानंतर चार दिवसांनी ती आमच्याकडे आली. आम्ही वर लिहिले ते तिला पुष्कळसे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “काका, तुमचे सगळे पटते. पण मागच्या स्थळाने बाबांना फोनवर सांगितले, मुलगी चांगली आहे, दात जरा पाहून घ्या. त्याचे मी काय करू?” यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. ज्या घराने असा निरोप पाठविला ते घर मराठी आहे, सुशिक्षित आहे, आणि कदाचित हे मासिक त्यांच्याकडे जात असेल. जात असेल तर त्यांनी एवढे जाणावे की, त्या एका वाक्याची किंमत आठ निरोगी दात आहे, आणि ती त्यांना भरावी लागणार नाही.

आम्ही तिला फक्त चार प्रश्न लिहून दिले. माझ्या प्रत्येक दातावरचा किती थर काढणार? तो न काढता माझे काम होण्याजोगा दुसरा कोणता उपाय आहे? हे किती वर्षांनी पुन्हा करावे लागेल आणि तेव्हा काय उरेल? आणि मला झोपेत दात खाण्याची सवय आहे का, हिरड्या निरोगी आहेत का, हे तुम्ही पाहिले आहे का? या प्रश्नांची उत्तरे घेऊन ती सरकारी दंतमहाविद्यालयात दुसरे मत विचारावयास गेली. तेथे तिला कीट काढून तार लावण्याचा सल्ला मिळाला. त्यास वर्षभर लागेल. पुढचे स्थळ वैशाखात येणार आहे. तिने अद्याप काही ठरविलेले नाही, आणि ठरविण्याचा अधिकार तिचा आहे.

आमच्या वाचकांनी हे चार प्रश्न उतरवून घ्यावेत; आपल्या घरात जेव्हा कोणी तो प्रस्ताव घेऊन येईल, तेव्हा सही करण्यापूर्वी ते विचारावेत. आणि पुढच्या वेळी कोणाच्या मुलीकडे पाहावयास जाल, तेव्हा तिच्या दातांविषयीचा शेरा आपल्या दातांआड ठेवावा. एवढे जरी झाले तरी हे लिहिण्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.